हॅम रेडिओ: एअरवरचं वागणं आणि मुद्दाम केलेला क्यूआरएम

शून्यबीट (धागाकर्ता)

हॅम रेडिओवर (परवाना घेऊन हौसेने चालवलेल्या रेडिओवर) "कुणीतरी मुद्दाम क्यूआरएम (दुसऱ्याच्या सिग्नलमध्ये अडथळा) करतंय" अशी तक्रार आली की ती जशीच्या तशी धरू नये. कुणाचा माइक गेन भरमसाठ वाढवलेला असतो, कुणी न ऐकताच सीक्यू (कुणीही उत्तर द्या अशी हाक) मारलेला असतो, कुणाचा पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) गाडीच्या सीटखाली दाबला गेलेला असतो. खरा खोडसाळ त्या मानाने कमी भेटतो, आणि भेटला की लोक त्याला हवं तेच करतात, म्हणजे त्याच्याशी बोलत बसतात. म्हणून दोन्ही विषय एकाच धाग्यात घेऊ. आधी आपल्या बाजूचं.

एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) फ्रिक्वेन्सी शांत वाटली म्हणजे रिकामी आहे असं नाही. १४ मेगाहर्ट्झवर स्किप झोन (सिग्नल डोक्यावरून उडून जातो, ऐकू येत नाही असा पट्टा) कित्येक शे किलोमीटरचा असतो. क्यूएसओतला (चालू संभाषणातला) एक जण त्या झोनमध्ये असेल तर तुम्हाला फक्त दुसरा ऐकू येणार, आणि तो दुसरा ऐकत असताना चॅनेल ठार शांत. किमान अर्धा मिनिट ऐका. मग फ्रिक्वेन्सी वापरात आहे का ते कॉलसाइनसकट (परवान्यातल्या आपल्या स्टेशनच्या खुणेसकट) विचारा, पाच-सहा सेकंद थांबा, पुन्हा विचारा. दोनदा अशासाठी की पहिल्या वेळी जो ट्रान्समिट करत होता त्याला तुम्ही ऐकूच गेलेले नसता. सीडब्ल्यूवर (मोर्समध्ये) 'क्यूआरएल?' (फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?) पाठवायचं. उत्तरादाखल 'आर', 'सी', 'वाय' किंवा नुसते दोन-चार डिट (मोर्सचे ठिपके) आले तरी वाद न घालता सरकायचं. एकटं प्रश्नचिन्ह पाठवायची सवय बरी नव्हे. ते कुणासाठी होतं तेच कळत नाही.

शेजारच्या क्यूएसओपासून अंतर: एसएसबीला (एचएफवर बोलण्याचा नेहमीचा मोड) ३ किलोहर्ट्झ, सीडब्ल्यूला साधारण ५०० हर्ट्झ. शेजारचा सिग्नल एस-९च्या (मीटरवरची जोरकस सिग्नलची खूण) वर २०-३० डीबी असेल तर ३ पुरत नाही, ४-५ सोडा. बँडच्या कडेला डायलवरचा आकडा फसवतो. यूएसबीवर (एसएसबीचा वरचा साइडबँड) आवाज डायलच्या वर पसरतो, त्यामुळे १४.३५० ला संपणाऱ्या बँडवर १४.३४७ च्या पुढे डायल नेला की तुम्ही बाहेर. एलएसबीवर (खालचा साइडबँड) उलट. ७.००२ वर लावलंत तर खालचा भाग ७.००० च्या खाली जातो (तिथे फोन, म्हणजे बोलणं, चालवूच नये हा भाग वेगळा).

माइक गेन: एएलसीचा (जास्तीचा ड्राइव्ह आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा बोलण्याच्या शिखरांवरच हलला पाहिजे आणि दिलेल्या पट्ट्यातच राहिला पाहिजे. त्यावर कॉम्प्रेसर चढवला, वर अँप्लिफायरला गरजेपेक्षा जास्त ड्राइव्ह दिला, की तिसऱ्या ऑर्डरचे इंटरमॉड (सिग्नल मिसळून तयार होणारे नकोसे सिग्नल) शेजाऱ्याच्या पासबँडमध्ये (तो ऐकतोय त्या पट्ट्यात) जाऊन बसतात. पॉवर किंचित वाढते, पसारा मात्र दुपटीने. तपासायचं असेल तर कुणाला तरी ५ किलोहर्ट्झ वर आणि खाली ऐकायला सांगा. त्याचा नॉइज ब्लँकर आणि प्रीअँप बंद हवा. नॉइज ब्लँकर चालू असला की स्वच्छ पण जोरकस सिग्नलसुद्धा पसरट ऐकू येतो आणि बिचाऱ्या समोरच्यावर नसता आळ येतो.

ट्यूनिंग डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा, सिग्नल बाहेर न सोडणारा रोध). अँटेनावरच करायचं असेल तर ५-१० वॅटवर, रिकाम्या जागी, आणि काही सेकंदांत. डीएक्स (दूरदेशीच्या) स्टेशनच्या डोक्यावर कॅरिअर (बोलणं नसलेला नुसता सिग्नल) ठेवून ट्यूनर फिरवणाऱ्याला स्वतःला वाटतं की आपण अजून एअरवर गेलोच नाही.

तीन-चार जागा कायम मोकळ्या ठेवा: १४.१०० (एनसीडीएक्सएफ या संस्थेचे बीकन, म्हणजे आपोआप सिग्नल पाठवणारी स्टेशनं, जगभरात अठरा, प्रत्येकी दहा सेकंद, तीन मिनिटांत फेरी पूर्ण), १४.०७४ च्या वरचा एफटी८चा (संगणकावरून चालणाऱ्या डिजिटल मोडचा) पट्टा, आणि व्हीएचएफवर (३० मेगाहर्ट्झच्या वर) १४५.८०० ते १४६.०००, जो उपग्रहांसाठी आहे. तिथे एफएमवर गप्पा मारणाऱ्याला वर जाणारा सिग्नल ऐकू येत नाही म्हणून चॅनेल मोकळं वाटतं, आणि त्याचा स्वतःचा सिग्नल मात्र थेट उपग्रहात.

रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर, इनपुटवर, ऐकून दुसरीवर, आउटपुटवर, पुन्हा पाठवणारं स्टेशन), पाइल-अप (एकाच स्टेशनला अनेकांनी एकदम हाक मारणं) आणि जॅमर (मुद्दाम क्यूआरएम करणारा) हे विषय जाणकारांनी पुढे न्यावेत.


वाटसरू

रिपीटरचं थोडक्यात.

पीटीटी दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला. रिसीव्हरला टोन (बोलण्याबरोबर जाणारा, रिपीटर उघडणारा सूर) ओळखायला तेवढा वेळ लागतो. रिपीटर दुसऱ्याशी लिंक केलेला असेल तर एक ते दीड सेकंद, नाहीतर कॉलसाइनची पहिली दोन अक्षरं प्रत्येक वेळी गिळली जातात आणि समोरचा तुम्हाला आयुष्यभर अर्ध्या नावाने हाक मारतो.

समोरच्याचं बोलणं संपलं, बीप आला, की मग एक-दोन सेकंदांची फट सोडा. ही फट तिसऱ्यासाठी असते. कुणाला अपघाताची खबर द्यायची असेल तर तो याच फटीत शिरणार. शिवाय बऱ्याच रिपीटरांत टाइम-आउट टायमर (फार वेळ सलग चालल्यास रिपीटर बंद करणारा) बीपनंतरच शून्यावर येतो. बीपच्या आधीच दाबलंत तर मागच्याची तीन मिनिटं आणि तुमची एकत्र मोजली जातात, तुम्ही बोलत असतानाच रिपीटर पडतो आणि मग "कुणीतरी बंद केला" अशी बोंब होते.

नुसतं पीटीटी दाबून रिपीटरचं शेपूट, म्हणजे आपण सोडल्यावर क्षणभर उरणारा त्याचा सिग्नल, ऐकणं (करचंक) हाही विनाओळखीचा सिग्नलच आहे. कॉलसाइन आणि 'टेस्टिंग' म्हणायला दोन सेकंद लागतात.


लोलक

उत्तम धागा, वाचनखूण साठवली.

एक शंका. एखादं नेट (अनेक स्टेशनांची एअरवरची बैठक) वर्षानुवर्षं ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर भरतं. पाच मिनिटं आधी दुसरे दोघे तिथे गप्पा मारत असतील तर त्यांनी उठायचं की नेटने?


शून्यबीट

@लोलक, फ्रिक्वेन्सी कुणाच्या मालकीची नसते. अमेरिकेच्या नियमावलीत (भाग ९७) तर हे शब्दांत लिहिलंय की कोणतीही फ्रिक्वेन्सी एका स्टेशनसाठी राखीव नाही आणि सर्वांनी ती वाटून वापरायची आहे. म्हणजे हक्क कुणाचाच नाही. नेट कंट्रोलने (नेट चालवणाऱ्याने) नम्रपणे विचारावं की पाच मिनिटांनी इथे नेट आहे, सरकणं जमेल का. दोघं सरकले तर आभार. नाही सरकले तर नेटने ३-५ किलोहर्ट्झ वर किंवा खाली भरायचं, त्यांच्या डोक्यावर नाही. "हे आमचं चॅनेल आहे" या वाक्याने जितके जॅमर जन्माला आले असतील तितके दुसऱ्या कशाने नसतील.

अपवाद आणीबाणीचा. आयएआरयूने (हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघाने) आपत्कालीन कामासाठी केंद्र फ्रिक्वेन्सी सुचवल्या आहेत: जगाच्या तिन्ही रेडिओ विभागांत १४.३००, १८.१६० आणि २१.३६०, पहिल्या व तिसऱ्या विभागात ७.११०. आपत्तीची वाहतूक चालू असेल तर तिथून, आणि आजूबाजूचे काही किलोहर्ट्झही सोडून, दूर व्हायचं. एरवी तिथेही बोलायला बंदी नाही, पण ऐकून मगच.


तारायंत्र

पाइल-अपवर लिहितो, कारण सर्वात जास्त घाण तिथेच होते आणि त्यातली निम्मी 'मदत करणाऱ्यांची' असते.

डीएक्स स्टेशन 'अप' म्हणालं की ते स्वतःच्या फ्रिक्वेन्सीवर बोलतं आणि वर कुठेतरी ऐकतं. सीडब्ल्यूवर साधारण १-२ किलोहर्ट्झ वर, एसएसबीवर ५-१०. रेडिओत व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी लावायची डायल) ए त्याच्या फ्रिक्वेन्सीवर, व्हीएफओ बी त्याहून वर, आणि स्प्लिट (एकीकडे ऐकून दुसरीकडे बोलणं) चालू. पीटीटी दाबल्याबरोबर डिस्प्लेवरचा आकडा बदलतो की नाही ते आधी डमी लोडवर पाहून घ्या. बदलला नाही तर तुम्ही डीएक्सवरच बोंबलणार आहात. तो कुठे ऐकतोय हे शोधायला त्याचं नव्हे, त्याने ज्याला नुकतंच उचललं त्या स्टेशनचं रिपोर्ट देणं शोधा. दोन-तीनदा असं केलं की तो वर सरकतोय की एकाच जागी आहे ते समजतं. आणि तो ऐकूच येत नसेल तर हाक मारायची नाही. त्याने तुम्हाला उत्तर दिलं तरी तुम्हाला कळणार कसं?

त्याने 'के४?' असं अर्धं कॉलसाइन विचारलं असताना तुमच्यात के-ही नाही आणि ४-ही नाही, तर गप्प बसा.

आता 'अप-अप' पोलीस. कुणीतरी चुकून डीएक्सवर हाक मारतो, एक सेकंदाचं काम. त्यावर दहा जण 'अप! अप! लिड (अडाणी ऑपरेटर)!' म्हणून ओरडतात आणि पुढची वीस सेकंदं डीएक्स कुणालाच ऐकू येत नाही. त्यामुळे पुढच्यालाही तो स्प्लिट सांगतोय हे कळत नाही आणि तोही तिथेच हाक मारतो. चक्र चालू. चुकणाऱ्याला सांगायचंच असेल तर एकदा, त्याच्या कॉलसाइनच्या शेवटच्या दोन अक्षरांसह 'अप', बस्स. त्याच्याआधी कुणी सांगितलं असेल तर तेही नको.

मुद्दाम क्यूआरएम करणारे याच गोंधळात लपतात. डीएक्सवर कॅरिअर सोडायचा, रेकॉर्ड केलेला सीक्यू वाजवायचा, किंवा खोटं 'अप' पाठवून पोलिसांना चेतवायचं. तिसरा प्रकार सर्वात स्वस्त, कारण पुढचं काम आपलेच लोक करतात.


मध्यरात्र

मूळ धाग्यातल्या "बहुतेकदा मुद्दाम नसतं" या मुद्द्याला जोड. आळ घेण्याआधीच्या चाचण्या:

पहिली ॲटेन्युएटरची (सिग्नल उतरवणाऱ्या सोयीची). रेडिओतला १० डीबीचा ॲटेन्युएटर चालू करा. त्रास देणारा सिग्नल १० डीबीने उतरला तर तो खरोखर एअरवर आहे. ३० डीबीच्या आसपास धाडकन पडला किंवा गायबच झाला तर तो तुमच्याच रिसीव्हरच्या पुढच्या टोकात तयार होतोय. तिसऱ्या ऑर्डरचा इंटरमॉड मूळ सिग्नलांच्या तिप्पट डीबीने उतरतो, म्हणून ही चाचणी एवढी बोलकी आहे.

दुसरी गणिताची. व्हीएचएफवर दोन जोरकस सिग्नल एकाच वेळी आले की २ए−बी करून पाहा. ए = १४५.५००, बी = १४५.३५० असेल तर १४५.६५० वर दोघांचं मिसळलेलं बोलणं येतं. दोघांपैकी एकाने पीटीटी सोडला की तेही बंद. हे रिपीटरच्या टॉवरवर गंजलेल्या जोडातही घडतं, मग सगळ्यांनाच ऐकू येतं आणि सगळ्यांनाच तो जॅमर वाटतो.

तिसरी वेळेची. अडकलेला पीटीटी असेल तर गाडीचं इंजिन, रेडिओचे कार्यक्रम, बडबड असलं काहीतरी सलग येतं, आणि टायमरवाला रेडिओ असेल तर ठरावीक मिनिटांनी तुटतं. मुद्दाम करणारा सलग नसतो. तो *तुमच्या* बोलण्यावर येतो, तुम्ही थांबलात की थांबतो. त्याला ऐकू येतंय, हाच खरा पुरावा.

स्विचिंग पॉवर सप्लाय आणि सोलर इन्व्हर्टरचा गोंगाट ठरावीक अंतरावर, बँडभर, थोडा हलत येतो. घरातला मेन स्विच बंद करून रेडिओ बॅटरीवर लावा, गेला तर चोर घरातच. आणि एचएफवर बँडच्या मोठ्या पट्ट्यावर टकटक किंवा घरघर आली तर ते क्षितिजापारचं रडार असू शकतं. १९७६ ते १९८९ या काळात सोव्हिएत 'वुडपेकर' सेकंदाला दहा टकटक करत जगभर फिरायचा, त्याच जातीचं. अशा घुसखोरांच्या नोंदी आयएआरयूची मॉनिटरिंग यंत्रणा गोळा करते.


पहिलापाऊस

हे सगळं ठीक, पण आमच्या रिपीटरवरचा जो आहे तो नक्की मुद्दाम करतो. शिट्ट्या, शिव्या, गाणी. नेट चालू झालं की हजर. गप्प बसा गप्प बसा किती ऐकायचं? एकदा सगळ्यांनी मिळून झापला तर?


तारायंत्र

@पहिलापाऊस, झापणं म्हणजे त्याला श्रोते मिळवून देणं. त्याच्याकडे एवढंच मोजमाप असतं: मी दाबल्यावर काय बदललं. कुणी चिडलं, कुणी थांबलं, कुणी "कुणीतरी त्रास देतंय" म्हणालं, कुणी हसलं, सगळं त्याच्या खात्यात जमा. "आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करू या" असं एअरवर म्हणणं हेही दुर्लक्ष नव्हे.

नेट कंट्रोलने करायचं ते असं:

त्याच्यावर एक शब्दही नाही. ज्याचं बोलणं चिरडलं गेलं त्याला फक्त "अमुक, पुन्हा सांगा" म्हणायचं, कारण न देता. क्यूएसबी (सिग्नलची चढउतार) आला असता तर जसं म्हणाला असतात तसंच, त्याच आवाजात. दोनदा पुन्हा मागूनही न मिळाल्यास दुसऱ्या जोरकस स्टेशनला रिले करायला सांगायचं. चेक-इन (नेटमध्ये हजेरी) लांबवायचं नाही. नाव, कॉलसाइन, निरोप आहे की नाही, पुढे. छोटं ट्रान्समिशन चिरडणं कठीण असतं, त्याला नेम धरायला वेळ मिळत नाही.

पर्यायी फ्रिक्वेन्सी आधीच फोनवर किंवा मेलवर ठरवून ठेवा. एअरवर "चला ७.०९५ वर जाऊ" म्हणालात तर तो तुमच्याआधी तिथे पोचतो. नेट कंट्रोलने नेट रीतसर बंद करायचं आणि दहा मिनिटांनी दुसरीकडे सुरू.


शून्यबीट

यात तंत्राचा भाग घालतो.

एफएमवर कॅप्चर इफेक्ट आहे: दोघांपैकी जो काही डीबीने जोरकस तोच ऐकू येतो, दुसरा जवळजवळ पुसला जातो. दोघे सारखे असले तरच ती कर्कश शिट्टी आणि गोंधळ. म्हणजे नेट कंट्रोल रिपीटरच्या रिसीव्हरवर जॅमरपेक्षा ठळक असेल तर अर्धा प्रश्न संपला. त्यासाठी पॉवर हा सर्वात महाग मार्ग. चौपट केली तर ६ डीबी. हँडीची (हातातल्या रेडिओची) रबरी अँटेना सोडून छतावर साधी जे-पोल किंवा ग्राउंड प्लेन लावली तर याहून जास्त मिळतं. मात्र त्याला चिरडायला म्हणून पॉवर वाढवणं हे दोन जॅमर तयार करणं आहे. वाढवायची ती वाचलं जावं एवढीच.

एचएफ एसएसबीवर कॅरिअर सोडत असेल तर मॅन्युअल नॉच (एकच सूर कापणारा फिल्टर) वापरा. तो एजीसीच्या (गेन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेच्या) आधी, आयएफमध्ये (रिसीव्हरच्या मधल्या टप्प्यात) असतो, त्यामुळे कॅरिअर गेला की एजीसी सुटतो आणि मागचा कमजोर सिग्नल वर येतो. ऑडिओतला ऑटो-नॉच एजीसीच्या नंतर असेल तर शिट्टी जाते पण एस-मीटर तसाच आणि हवा तो सिग्नल दबलेलाच. सीडब्ल्यूवर ऑटो-नॉच बंद, तो हवा तोच टोन खातो. बोलणं किंवा गाणं घालत असेल तर नॉच निरुपयोगी. फिल्टर २.४ वरून १.८ किलोहर्ट्झवर आणा, पासबँड ज्या बाजूला तो कमी आहे तिकडे सरकवा, आरएफ गेन उतरवा. फिरणारी बीम (एका दिशेला जास्त ऐकणारी अँटेना) असेल तर ती हव्या त्या स्टेशनवर न ठेवता जॅमर नलमध्ये (अँटेना जवळजवळ ऐकत नाही त्या दिशेत) जाईल अशी फिरवून पाहा. हवा तो सिग्नल ६ डीबी गेला आणि नको तो २० गेला तर सौदा फायद्याचा.


राखणदार

रिपीटरच्या बाजूने लिहितो.

सीटीसीएसएस टोन म्हणजे कुलूप नव्हे. ६७.० ते २५४.१ हर्ट्झ, प्रमाण टोन पन्नासच्या आत, आणि टोन स्कॅन हँडीतच येतो. टोन लावल्याने दूरच्या रिपीटरचे वापरकर्ते आणि इंटरमॉड अडतो, माणूस अडत नाही. डीसीएसचंही (टोनऐवजी डिजिटल कोड) तेच. तरीही टोन ठेवाच, कारण 'चुकून झालं' हा बहाणा त्याने जातो. ज्याने टोन घातलाय त्याने मुद्दाम घातलाय.

टाइम-आउट टायमर दुधारी आहे. जॅमरने इनपुटवर कॅरिअर धरून ठेवला की तीन मिनिटांनी रिपीटर पडतो आणि तो सोडेपर्यंत उठत नाही, म्हणजे टायमरच त्याचं हत्यार. कंट्रोलरमध्ये कंट्रोल ऑपरेटरचा मार्ग वेगळा हवा (७० सेंमीवर किंवा इंटरनेटवरून), रिपीटरच्याच इनपुटवरून डीटीएमएफ (फोनच्या बटणांचे सूर) पाठवून बंद करू म्हणाल तर जॅमर बसलाय तिथेच तुम्हाला बसायचंय.

आणि स्पष्ट सांगतो: शिव्या, गाणी चालू असतील तर मी रिपीटर बंद करतो. पाच मिनिटं, न बोलता. परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्या ट्रान्समीटरमधून ते बाहेर पडतंय.


वाटसरू

@राखणदार, असहमत. तुम्ही बंद केला म्हणजे त्याने दाबलं आणि दिवा विझला. याहून मोठं बक्षीस कोणतं? उद्या नेट नको असेल त्याने फक्त एक गाणं लावायचं.


राखणदार

कॅरिअर आणि शिट्टीसाठी तुमचं बरोबर, तिथे चालूच ठेवतो. शिव्या आणि गाणी वेगळी, त्यात प्रसारणाचा आणि अश्लीलतेचा मुद्दा येतो आणि उत्तर मलाच द्यावं लागतं. शिवाय बंद केल्याचा एक फायदा कुणी धरत नाही. आउटपुट बंद पडला की त्याला स्वतःचं ऐकू येत नाही, पण इनपुटवर तो अजून बोलत असतो. शोधणाऱ्यांना स्वच्छ इनपुट मिळतो. बंद करण्याची वेळ त्यांच्याशी ठरवून घ्या.


दिशादर्शक

राखणदारांनी दोर हातात दिलाच आहे, तर शोधण्याबद्दल.

पहिलं काम: रेडिओचं रिव्हर्स बटण दाबून *इनपुट* ऐका. रिपीटरचा आउटपुट कितीही ऐकलात तरी दिशा टॉवरचीच मिळेल. २ मीटरला इनपुट सहसा ६०० किलोहर्ट्झ खाली. ज्यांना तो इनपुटवर ऐकू येतो त्यांनी नकाशावर आपली जागा आणि एस-मीटर लिहायचा. ज्यांना येत नाही त्यांनीही लिहायचं. चार-पाच नोंदींतच शहराचा कोपरा कळतो, अँटेनाही फिरवावी लागत नाही.

मग बीम. स्टीलच्या मोजपट्टीची तीन एलिमेंटची यागी पुरते. पीव्हीसी पाइपचा बूम साधारण ६० सेंमी. रिफ्लेक्टर १०५ सेंमी. ड्रिव्हन (केबल जोडलेल्या) एलिमेंटचे दोन तुकडे प्रत्येकी ४५, मध्ये अडीच सेंमीची फट. डायरेक्टर ८९. रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन २०.३, ड्रिव्हन ते डायरेक्टर ३१.८. फीडच्या दोन टोकांमध्ये १२.७ सेंमी तारेचा यू आकाराचा हेअरपिन. या मापांना मागचा नल खोल मिळतो, फायदा त्याचाच आहे. पुढचा लोब साठेक अंश रुंद असतो, 'सर्वात जोरात कुठे' हे कानाला नीट कळत नाही. बीम उलटी धरून आवाज कुठे बुडतो ते पाहा, किंवा दोन्ही बाजूंना सारखा उतरणारे कोन मोजून मध्य घ्या. एलिमेंट उभे धरा. एफएमवाले व्हर्टिकल वापरतात.

कोन चुंबकसूचीने मोजताना गाडीपासून चार पावलं दूर. ५ अंशांची चूक १० किलोमीटरवर जवळजवळ ९०० मीटर होते, म्हणून पहिली दोन मापं एकमेकांना काटकोनात पडतील अशा जागांवरून घ्या, आणि दोन्ही उंचावरून. इमारतींच्या गर्दीत घेतलेलं माप परावर्तनाचं असतं. चार पावलं सरकल्यावर कोन ३० अंशांनी बदलला तर ते माप फेकून द्या.

जवळ गेल्यावर खरी पंचाईत. हँडीचा एस-मीटर साधारण २० डीबीत पूर्ण भरतो, मग सगळीकडून सारखाच. उपाय तीन. अँटेना काढून टाका, किंवा ५-१० किलोहर्ट्झ बाजूला ट्यून करा. तिसरी हार्मोनिक ऐका: १४५.००० चा ४३५.००० वर आवाज आला म्हणजे तुम्ही अगदी जवळ आहात. आणि सर्वात उपयोगी, ऑफसेट ॲटेन्युएटर: ४ मेगाहर्ट्झचा डबीतला क्रिस्टल ऑसिलेटर, १एन४१४८ सारखा एक डायोड, १ किलोओहमचा पॉट, बॅटरी, सगळं धातूच्या डबीत. ऑसिलेटर डायोडमध्ये सिग्नलशी मिसळतो आणि १४५.३५० चा सिग्नल १४९.३५० वर येतो. रेडिओ तिथे लावायचा. पॉट उतरवला की मिसळलेला सिग्नल उतरतो. डबी प्लॅस्टिकची घेतली तर मूळ सिग्नल फटीतून आत शिरतो आणि पॉट फिरवून काही होत नाही.

काहीच नसेल तर हँडी छातीला टेकवून जागेवर गिरकी घ्या. सिग्नल सर्वात कमी होईल तेव्हा ट्रान्समीटर तुमच्या पाठीमागे.

तो बोलतोच दहा सेकंद, म्हणून एकट्याने होत नाही. तीन ठिकाणी तीन जण तयार हवेत, आणि त्यांचं आपसातलं बोलणं फोनवर. "मला उत्तरेकडून येतोय" हे रिपीटरवर सांगणारा शोधक हा जॅमरचा सर्वात मोठा मित्र.


मध्यरात्र

एचएफवर हाच प्रकार किवीएसडीआरच्या (इंटरनेटवरून वापरता येणाऱ्या रिसीव्हरांच्या) टीडीओए (पोचण्याच्या वेळेतला फरक) सोयीने घरबसल्या होतो. जगभरच्या रिसीव्हरांवर जीपीएसची वेळ असते, त्यांतले तीन-चार निवडायचे, तोच सिग्नल एकाच वेळी नोंदवायचा, पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून नकाशा निघतो. एक मिलिसेकंद म्हणजे ३०० किलोमीटर, हे डोक्यात ठेवा. रिसीव्हर संशयित भागाच्या चारही बाजूंना हवेत. सगळे एकाच बाजूला घेतले तर उत्तर लांबुळकं पसरतं. आयनोस्फिअरवरून उडी मारून आलेला सिग्नल सरळ रेषेपेक्षा लांब फिरतो, त्यामुळे या उत्तरातून परिसर कळतो, घर नाही. नुसता कॅरिअर असेल तर निकाल भिकार येतो, कारण वेळ जुळवायला सिग्नलमध्ये काही बदल व्हावा लागतो. त्याने बोलायची किंवा गाणं लावायची वाट पाहा.


पहिलापाऊस

समजा घर सापडलं. मग?


राखणदार

दारात जायचं नाही, कॉलसाइन धाग्यावर टाकायचा नाही, गटावर फोटो नाही. जॅमरने दुसऱ्याचा कॉलसाइन वापरणं ही जुनी खोड आहे, त्यामुळे एअरवर ऐकलेला कॉलसाइन हा पुरावाच नव्हे.

परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे जायचं ते कागद घेऊन. प्रत्येक प्रसंगाची एक ओळ: तारीख, यूटीसी वेळ सुरू आणि बंद, फ्रिक्वेन्सी (इनपुट की आउटपुट ते लिहा), मोड, टोन, कुणाच्या बोलण्यावर आला, ऐकणाऱ्याची जागा, घेतलेला कोन. सोबत मूळ ऑडिओ, कापलेला नाही. एसडीआर (संगणकाने चालणारा रिसीव्हर) असेल तर आयक्यू (कच्च्या सिग्नलचं) रेकॉर्डिंग ठेवा. पीटीटी दाबताना प्रत्येक रेडिओ फ्रिक्वेन्सीवर स्थिरावताना थोडा वेगळा घसरतो, तो ठसा वॉटरफॉलवर (वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या चित्रावर) दिसतो. त्यावरून 'हा तोच रेडिओ' अशी शंका पक्की होते, पण तेवढ्यावर कुणाला दोषी धरता येत नाही.

आधार कोणता द्यायचा? आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) रेडिओ नियमांचं १५ वं कलम अनावश्यक, खोटे आणि ओळख न देणारे सिग्नल सरळ मना करतं, २५ वं कलम हौशी स्टेशनांना थोड्या थोड्या वेळाने कॉलसाइन द्यायला लावतं. प्रत्येक देशाचे नियम यावरच बेतलेले असतात. अर्जात 'त्रास होतो' असं न लिहिता कोणत्या नियमाचा भंग कोणत्या वेळी झाला ते लिहा. आणि ज्यांनी त्याला एअरवर प्रत्युत्तर दिलंय त्यांची ट्रान्समिशनंही त्याच रेकॉर्डिंगमध्ये आहेत, हे पाठवण्याआधी ऐकून घ्या.


लोलक

@दिशादर्शक, मोजपट्टीवर सोल्डर धरत नाही, गोळी होऊन पडतं. पॉप रिव्हेट मारले तर चालेल का?


दिशादर्शक

रिव्हेट नको, काही दिवसांत जोड गंजतो आणि मॅच हलतो. पट्टीवरचा रंग दोन्ही बाजूंनी सँडपेपरने चकाकेपर्यंत घासा, फ्लक्स लावा, ६० वॅटच्या वरचं सोल्डरिंग आयर्न घ्या आणि बूमवर चढवण्याआधीच दोन्ही तुकड्यांना कल्हई करून ठेवा, नाहीतर पीव्हीसी वितळतो. हेअरपिन आणि कोॲक्स त्यानंतर. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या पॉवरचं माप) जास्त आला तर लांबी कापायच्या आधी हेअरपिनच्या पायांमधलं अंतर कमी-जास्त करून पाहा. आणि टोकांना चिकटपट्टी गुंडाळा, धावपळीत ती डोळ्याला लागतात.